पटकन ‘हो’ म्हणणारा क्लायंट आणि सेशन ऐकणारं एआय: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या थेरपिस्टची स्वतःची खासगी प्रॅक्टिस आहे. मदतीला कोणी नाही; अपॉइंटमेंट, पावत्या, नोट्स सगळं एकहाती. मी त्यांची सुपरव्हायजर, म्हणजे त्यांच्या केसेसवर त्यांच्याशी चर्चा करून मार्गदर्शन करणारी. त्यामुळे इथलं बरंचसं मला त्यांच्या तोंडून कळलेलं आहे. काही ठिकाणी माझं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे, तेही लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्या क्लायंटची लेखी परवानगी घेतली आहे.

पन्नास मिनिटांचं सेशन, मग दहा मिनिटांची सुटी. ही दहा मिनिटं नोट्ससाठी, असं प्रशिक्षणात शिकवतात. प्रत्यक्षात आधीचं सेशन लांबतं, पुढचा क्लायंट वेळेआधी येऊन बसलेला असतो, आणि मधल्या वेळात जेमतेम पाणी पिऊन होतं. यांच्या नोट्स शनिवारपर्यंत साचायच्या. सोमवारी ऐकलेलं शनिवारी लिहायचं म्हटलं की एकाचं वाक्य दुसऱ्याच्या कागदावर जातं. एका नोटमध्ये तर क्लायंटला नसलेली बहीण आली होती. पुढच्या सेशनआधी वाचताना त्यांनी स्वतःच ती पकडली. हे आधीच सांगते, कारण एआयला हात न लावणं म्हणजे सुरक्षित राहणं, असं इथे नव्हतं. जुन्या पद्धतीतही चुका होत होत्या, फक्त त्यांची सवय झाली होती.

अडचण

ओळखीतल्या एका थेरपिस्टने त्यांना नोट्स लिहून देणारं एक एआय साधन सुचवलं. फोन टेबलावर ठेवायचा, सेशन रेकॉर्ड होतं, त्याचं शब्दांकन होतं (म्हणजे बोललेलं आपोआप लिहून निघतं), आणि क्लायंटने काय सांगितलं, थेरपिस्टने काय पाहिलं, अंदाज काय, पुढे काय करायचं अशा चार भागांत नोट तयार मिळते. थेरपिस्टने वाचून सही करायची. पहिला महिना फुकट.

त्यांनी आधी एका मैत्रिणीला क्लायंट करून खोटं सेशन रेकॉर्ड केलं. नोट झकास आली. मग त्यांनी ठरवलं की दोन क्लायंटना विचारून पाहायचं.

पहिला, त्याला ‘क’ म्हणू. तिशीतला, कामाच्या ठिकाणी आणि घरी कोणालाच नाही म्हणता येत नाही, म्हणून थेरपीला आलेला. सेशनच्या सुरुवातीला त्यांनी विचारलं, “नोट्ससाठी मी हे रेकॉर्ड केलं तर चालेल का?” तो म्हणाला, “हो हो, चालेल ना मॅडम.” वाक्य पुरं व्हायच्या आतच होकार आला होता.

दुसरे ‘ख’. वयाने मोठे, बोलायला मोजके. त्यांनी उलटे प्रश्न केले. हे जातं कुठे? तुमच्याशिवाय कोण ऐकू शकतं? पुढच्या महिन्यात मी नको म्हटलं तर आजचं पुसलं जाईल? थेरपिस्टकडे पहिल्याचं अर्धवट उत्तर होतं, उरलेल्या दोनांचं नव्हतं. ‘ख’ म्हणाले, “मग नको.”

‘क’चं सेशन रेकॉर्ड झालं. अर्ध्याच्या पुढे कधीतरी थेरपिस्टने विचारलं, “भावाशी आता जरा बरं चाललंय का?” तो बराच वेळ गप्प बसला. टेबलावरच्या फोनकडे एकदा बघितलं आणि ऑफिसमधल्या कुठल्याशा मीटिंगबद्दल बोलायला लागला.

संध्याकाळी आलेल्या नोटमधल्या चार ओळी अशा होत्या:

“क्लायंटने कामाच्या ठिकाणच्या ताणाविषयी सांगितले. भावाशी संबंध सुधारत असल्याचे नमूद केले. स्वतःला इजा करण्याचे विचार नसल्याचे सांगितले. मनःस्थिती स्थिर.”

पहिली ओळ बरोबर. दुसरी ओळ म्हणजे थेरपिस्टचा प्रश्न, जो साधनाने ‘क’च्या तोंडी घातला. तिसरी ओळ कोणी बोललंच नव्हतं. त्या दिवशी तो विषय निघाला नव्हता, विचारलाही गेला नव्हता. अशा नोट्समध्ये ते वाक्य बहुतेक वेळा असतं, म्हणून इथेही येऊन बसलं. चौथी ओळ त्या तिसऱ्या ओळीवर उभी होती. आणि ती शांतता, जी माझ्या मते त्या दिवसाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती, तिचा पत्ताच नव्हता.

तिसरी ओळ सगळ्यात घातक. उद्या ‘क’च्या बाबतीत काही बरंवाईट झालं, तर थेरपिस्टच्या सहीचा कागद सांगणार की धोक्याबद्दल विचारलं होतं आणि उत्तर नाही असं आलं होतं. थकलेल्या संध्याकाळी, दिवसातली सहावी नोट वाचताना ही ओळ नजरेखालून निसटणं सहज शक्य आहे. वाक्य ओळखीचं असतं, व्याकरण शुद्ध असतं, सुराला कुठे धक्का लागत नाही.

शांततेत शब्द भरण्याचा प्रकार तंत्रज्ञानाच्या बाजूनेही नोंदवला गेला आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्या व्हिस्पर या शब्दांकन प्रणालीवरचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. मेंदूला इजा होऊन बोलण्यावर परिणाम झालेल्या आणि तसा परिणाम नसलेल्या लोकांच्या रेकॉर्डिंगचे तेरा हजारांहून जास्त तुकडे त्यात तपासले होते. सुमारे १ टक्का तुकड्यांत कोणीच न बोललेली वाक्यं आढळली, आणि त्यातली ३८ टक्के वाक्यं या ना त्या प्रकारे अपायकारक होती. बोलण्यात न बोललेला वेळ जास्त, तिथे असं घडण्याचं प्रमाणही जास्त. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण थेरपीचं सेशन म्हणजे मोठमोठ्या विरामांचंच काम. मैत्रिणीबरोबरच्या खोट्या सेशनमध्ये नोट झकास आली होती, कारण मैत्रीण एकदाही गप्प बसली नव्हती.

पर्याय आणि त्यांची उलटतपासणी

हे सगळं आमच्या सुपरव्हिजनच्या गटात, म्हणजे थेरपिस्ट एकत्र बसून केसेसवर बोलतात तिथे, आलं तेव्हा थेरपिस्टचा पहिला प्रश्न तांत्रिक होता: यापेक्षा चांगलं साधन कोणतं? गटातल्या एकीने लगेच दोन नावं सुचवलीही. मला तो प्रश्न नंतरचा वाटला. त्याआधीचा प्रश्न असा होता की ‘क’चा होकार हा खरा होकार होता का.

‘रेकॉर्डिंग वाईटच’ असा पवित्राही काही जणांनी घेतला. तो मला पटत नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१२ साली सेशन चालू असताना टिपणं काढू नका असं सांगितलं होतं. लिहिता लिहिता थेरपिस्ट निवड करायला लागतो आणि तेवढं लक्ष क्लायंटवरून उडतं, हे त्याचं कारण. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९४० च्या सुमारास सेशन ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि १९४२ साली एका क्लायंटबरोबरची सगळी सेशन्स शब्दशः छापली. तेव्हापासून टेपवर सेशन ऐकून कित्येक थेरपिस्ट घडले आहेत. फरक इतकाच की ती टेप कोणत्या कपाटात आहे आणि ऐकणारा शिक्षक कोण, हे क्लायंटला सांगता यायचं. ‘ख’नी विचारलेले प्रश्न नेमके तेच होते.

पहिला पर्याय साधन चालू ठेवण्याचा: संमतीपत्र नीट करायचं, नोट बारकाईने वाचायची. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला कायदा ढोबळमानाने याच दिशेचा आहे. उपचाराचे निर्णय एआयने घ्यायचे नाहीत, क्लायंटशी उपचाराचा संवाद त्याने करायचा नाही. पण कार्यालयीन कामाला ते चालेल, आणि सेशन रेकॉर्ड करून मदत घ्यायची असेल तर क्लायंटची लेखी संमती हवी. कायद्याच्या दृष्टीने हे पुरेसं असेल. ‘क’सारखा माणूस मात्र लेखी संमतीही दोन सेकंदांत देतो. सही करायलाही नाही म्हणता यायला लागतं.

दुसरा पर्याय सगळंच बंद करण्याचा. मग शनिवार परत आला, आणि नसलेली बहीणही.

तिसरा पर्याय गटातल्या एकाने जवळजवळ कुजबुजत सांगितला, कारण तो स्वतः हेच करत होता: सेशननंतर आपल्याला आठवतं ते नाव काढून एखाद्या चॅटबॉटला द्यायचं आणि नोट लिहून घ्यायची, जमलं तर केस कशी समजून घ्यावी हेही विचारायचं. मला वाटतं हा मार्ग जितका वापरला जातो तितका कबूल केला जात नाही. नाव काढलं म्हणजे माणूस निघून जात नाही. व्यवसाय, वय, घटस्फोटाचं वर्ष, आजारी मुलगा एवढं एकत्र आलं की ओळखणारा ओळखतो. आणि ‘नंतर डिलीट करतो’ या भरवशालाही मर्यादा आहे. द न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने ओपनएआयवर भरलेल्या कॉपीराइट खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला एरवी पुसले गेले असते ते चॅटसुद्धा जपून ठेवायचा आदेश दिला होता. काही महिन्यांनी तो उठला. पण त्या काळात वापरणाऱ्याने दाबलेलं डिलीटचं बटण पुरेसं नव्हतं, आणि त्या वापरणाऱ्यांचा त्या खटल्याशी काही संबंध नव्हता.

थेरपीच्या नोंदी बाहेर गेल्या तर काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण फिनलंडमधलं आहे. वास्तामो या मानसोपचार सेवेतल्या तीस हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० साली चोराने एकेका रुग्णाला वेगळा ईमेल पाठवून पैसे मागितले, नाहीतर तुमचं थेरपीतलं बोलणं उघड करतो म्हणून. त्यात एआयचा काही हात नव्हता. साध्या, नीट न राखलेल्या सर्व्हरवरच्या नोंदी होत्या. पण गटात हे निघालं तेव्हा बोलणं थांबलं, कारण प्रत्येकाला आपल्या लॅपटॉपवरचं फोल्डर आठवलं.

चौथा पर्याय थेरपिस्टनेच मांडला. सेशन रेकॉर्ड करायचं नाही. क्लायंट गेल्यावर दोन-तीन मिनिटं स्वतः बोलायचं, नावाऐवजी क्रमांक वापरायचा, आणि ते शब्दांकन इंटरनेटवर न पाठवता आपल्याच कॉम्प्युटरवर करायचं. व्हिस्परसारख्या प्रणाली तशा चालवता येतात. त्याही चुका करतात. पण मघाशी आपणच बोललेल्या दोन मिनिटांत न बोललेलं वाक्य आलं तर ते लगेच डोळ्यांत भरतं.

काय केलं

साधनाचा महिना संपायच्या आत त्यांनी ते बंद केलं आणि चौथ्या पर्यायावर आल्या. त्याचा फारसा खल झाला नाही. खल झाला तो यावर, की ‘क’ला काय सांगायचं.

गटात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, रेकॉर्डिंग एकदाच झालं, आता बंद आहे, चुकीची नोट फाडून खरी लिहिली, विषय संपला. क्लायंटवर आपल्या कारभाराचं ओझं कशाला? माझं म्हणणं वेगळं होतं. त्याचा आवाज कुठेतरी साठलेला आहे आणि ती गोष्ट त्याची आहे. शिवाय त्याने दिलेला होकार हाच तर त्याचा आजवरचा त्रास आहे. तो त्रास थेरपीच्या खोलीत, थेरपिस्टच्याच सोयीसाठी पुन्हा घडला. हे बोललं नाही तर पुढचे सहा महिने नाही म्हणण्याचा सराव कोणत्या तोंडाने करायचा? थेरपिस्टला हे पटलं, पण त्यांना भीती होती की तो त्यांचीच समजूत काढत बसेल.

झालंही तसंच. पुढच्या सेशनला त्यांनी विषय काढला: “मागच्या वेळी मी घाईत विचारलं, आणि सगळी माहितीही दिली नव्हती. तुम्हाला खरं काय वाटलं होतं?” तो म्हणाला, “नाही नाही, काहीच नाही. उलट तुम्हालाच लिहायचा त्रास होत असेल ना?” त्यांनी जोर केला नाही. एवढंच सांगितलं की रेकॉर्डिंग बंद केलंय, आणि तुमच्या उत्तराने त्यात काही बदलणार नाही. हे वाक्य आम्ही गटात घोळवून ठरवलं होतं. त्याच्या उत्तरावर काही अवलंबून असतं, तर त्याने पुन्हा समोरच्याला सोयीचंच उत्तर दिलं असतं.

सेशन संपायला थोडा वेळ असताना तो म्हणाला, “खरं सांगू का मॅडम, मला ते आवडलं नव्हतं. भावाचं सांगणार होतो तेव्हा तो फोन दिसला.” मग विचारलं, ते पुसलं का?

थेरपिस्टने डिलीट केलं होतं. पण त्या सेवेच्या अटी त्यांनी आता पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या, तेव्हा दिसलं की बॅकअपमधली प्रत काही काळ राहते आणि ओळख काढून टाकलेला मजकूर साधन सुधारायला वापरला जाऊ शकतो. त्यांनी सेवेला लिहून ‘क’च्या रेकॉर्डिंगचं नेमकं काय झालं ते विचारलं. आलेल्या उत्तरात गोपनीयता धोरणाची लिंक होती. दुसऱ्यांदा लिहिल्यावर डिलीट झाल्याचं कळवलं, पण मजकूर वापरला गेला की नाही याबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी ‘क’ला हे जसंच्या तसं सांगितलं: मी पुसलं आहे, त्यांनीही पुसलं म्हणून कळवलं आहे, याच्यापलीकडे मला खात्री देता येत नाही. तो चिडला. मोठ्याने नाही, पण चिडला. त्या सेशनमध्ये दुसरं काही काम झालं नाही.

परिणाम

नोट्स आता बहुतेक त्याच दिवशी होतात. साधनाने दाखवलं होतं तेवढा वेळ वाचत नाही. पण दोन मिनिटं बोलताना थेरपिस्टला कळतं की आज आपण कुठे अडलो, क्लायंट कुठे वळला. शनिवारी लिहिताना हे हाती लागत नव्हतं, आणि तयार नोट वाचतानाही लागलं नसतं. नोट लिहिणं हा कामाचा कंटाळवाणा भाग आहे हे खरंच. पण त्या कंटाळ्यात केस मनात पुन्हा एकदा फिरते, आणि ती फेरी दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

‘क’ अजून येतो. चिडलेल्या सेशननंतर त्याने एक अपॉइंटमेंट रद्द केली, कारण न देता. थेरपिस्टला वाटलं गेला. पण तो परत आला. हा लेख लिहायचा ठरल्यावर त्याची परवानगी मागितली. या वेळी प्रश्न लेखी पाठवला आणि उत्तराला मुदत ठेवली नाही. त्याने आठवडाभर घेतला आणि एक तपशील काढायला लावून मग हो म्हटलं. तो तपशील इथे नाही.

‘ख’ना नवं संमतीपत्र दिलं तेव्हा त्यांनी ते घरी नेलं, दोन ओळींवर खुणा करून आणलं. त्यांच्या खुणांमुळे मजकूर बदलला. आता पत्रात साध्या भाषेत लिहिलं आहे की कोणती कामं कॉम्प्युटर करतो, कोणती इंटरनेटवर जातात (अपॉइंटमेंटची आठवण आणि पावती, बस्स), आणि क्लायंटचं बोलणं कुठेही पाठवलं जात नाही.

एक गोष्ट अनपेक्षित घडली. पत्रात एआयचा उल्लेख आल्यावर दोन क्लायंटनी आपणहून सांगितलं की ते रात्री चॅटबॉटशी बोलतात. त्यातला एक तर थेरपिस्टने काय म्हटलं ते बॉटला सांगून पडताळून घ्यायचा. हे आधी कधी निघालं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या भेटीच्या प्रश्नांत आता हा प्रश्न आहे.

पुन्हा करायचं झालं तर

अटी आधी वाचायच्या, साधन नंतर. हे उघड आहे म्हणून सोडून देते.

संमती सेशनच्या सुरुवातीला, समोरासमोर, फोन टेबलावर ठेवून मागू नये. तिथे नकार म्हणजे समोरच्या माणसाला नकार, आणि तो माणूस तुमचं सगळं ऐकून घेणारा. कागद आधी पाठवावा, आणि काहीच कळवलं नाही तर उत्तर नाही असं धरावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरुवात कोणापासून करायची. थेरपिस्ट सहज होकार देणाऱ्यापासून सुरू करतो, कारण ते सोपं असतं. या केसमध्ये ‘ख’ना आधी विचारलं असतं, तर ‘क’ला विचारायची वेळ येईपर्यंत त्या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असती. नकार देणाऱ्याला निदान उत्तरं नाहीत एवढं तरी कळलं आणि होकार देणाऱ्याला काहीच नाही, हा उलटा न्याय झाला.

साधन तपासायचंच असेल तर खोट्या सेशनमध्ये गप्प बसा, रडा, अर्धं वाक्य सोडा, दोघांनी एकदम बोला. आणि धोक्याबद्दलचं प्रत्येक वाक्य, ते कोणीही लिहिलेलं असो, आपण तो प्रश्न खरंच विचारला होता का हे आठवूनच सही करा.

एका बाबतीत आमचं अजून जुळलेलं नाही. या थेरपिस्टनी आता रेकॉर्डिंगला पूर्ण बंदी केली आहे. त्यांच्या एका क्लायंटला लक्ष टिकवायला अवघड जातं. सेशनमधलं अर्धं घरी जाईपर्यंत विसरतं, म्हणून तिनेच रेकॉर्डिंग मागितलं आहे. मला वाटतं तिला तिच्या फोनवर करू द्यावं. प्रत तिची, पुसणंही तिच्या हातात. थेरपिस्टचं म्हणणं, त्या फोनवरून ती ते कुठल्या साधनाला सारांशासाठी देईल हे आपल्याला कळणारही नाही, आणि त्यात आपला आवाजही आहे. तूर्त तोडगा असा, की शेवटची पाच मिनिटं दोघी मिळून चार ओळी कागदावर लिहितात आणि कागद ती घेऊन जाते. ती म्हणते, हे पुरत नाही. पुढच्या महिन्यात हा मुद्दा पुन्हा गटात येणार आहे.